वायरलेस ओव्हर-इअर हेडफोन कसे पारखायचे? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळखीत कोणाला हेडफोन घ्यायचे असले की फोन येतो आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. माझं म्हणणं आधीच सांगते: कानाभोवती कुशन नीट बसलं नाही, तर बॉक्सवरच्या कुठल्याही आकड्याला अर्थ उरत नाही. त्यामुळे आधी बसणं, मग आवाज, मग नॉइज कॅन्सलेशन. ब्लूटूथचं व्हर्जन, कोडेक (ब्लूटूथवरून पाठवण्यासाठी आवाज आवळायची पद्धत), आतल्या स्पीकरचे मिलिमीटर हे सगळ्यात शेवटी.

दुकानात ऐकून घेतलं तर पुरेसं नाही का?

एम.जी. रोड किंवा कॉलेज रोडवरच्या दुकानात जाऊन डोक्याला लावून बघा, जरूर बघा. पण निर्णय तिथे घेऊ नका. बाहेर रिक्षांचे हॉर्न, आत टीव्हीचा डेमो जोरात चालू, समोर सेल्समन उभा. अशात कोणाचेही कान धड ऐकत नाहीत. त्यात डेमो पीस दिवसभर लोकांच्या डोक्यावर चढून-उतरून सैल पडलेला असतो, त्यामुळे नव्या पीसची पकड किती घट्ट असेल ते त्यावरून कळत नाही. दुकानात दोनच गोष्टी तपासा. कान कपाच्या आत पूर्ण मावतो का, आणि न बघता बटणं बोटाला सापडतात का.

खरी परीक्षा घरी, वस्तू परत करायची मुदत संपायच्या आत. ऑनलाइन घेत असाल तर ऑर्डर करण्याआधी परतीची अट वाचा. बऱ्याच ठिकाणी अशा वस्तूंवर फक्त बदलून मिळतं, पैसे परत मिळत नाहीत. आवाज आवडला नाही म्हणून तोच पीस बदलून घेण्यात काय हशील? बॉक्स, पिशव्या, स्टिकर मुदत संपेपर्यंत जपून ठेवा.

घरी आणल्यावर सुरुवात कुठून करू?

गाणं लावण्याआधी नुसतेच डोक्यावर चढवा आणि घरातलं एखादं काम करा. कणीक मळा, कपड्यांच्या घड्या घाला, काहीही. खाली वाकलं की घसरतात का? टाळूवर एकाच जागी भार येतो का? जबडा हलवला, पाणी प्यायलं, तर कपाची कड सुटते का? कानाची पाळी आतल्या जाळीला टेकते का? सुरुवातीला हे किरकोळ वाटतं, पण तासाभराने नेमकं तिथेच दुखायला लागतं.

वजन बघा, पण फक्त आकडा बघू नका. सोनीचे डब्ल्यूएच-१०००एक्सएम५ साधारण २५० ग्रॅम आहेत, सेनहायझरचे मोमेंटम ४ साधारण २९३, आणि ॲपलचे एअरपॉड्स मॅक्स ३८५ च्या आसपास. तरी एखादा जड हेडफोन भार डोक्यावर पसरवतो म्हणून सुसह्य होतो आणि हलका हेडफोन कानशिलं आवळतो म्हणून नकोसा होतो. त्यामुळे सलग दीड-दोन तास लावून बसल्याशिवाय यावर मत बनवू नका.

मग येते पकड, म्हणजे कुशनचं कानाभोवती फट न ठेवता बसणं. हे तपासायची एक साधी रीत आहे आणि ती प्रत्येकाने करावी. तबल्याचा बायाँ (डग्गा) स्पष्ट ऐकू येईल असं एखादं रेकॉर्डिंग लावा. मध्यम आवाजात ऐकता ऐकता दोन्ही तळहात कपांवर ठेवा आणि हलकेच आत दाबा. काहीच फरक पडला नाही तर कुशन नीट बसलं आहे. पण दाबल्यावर बायाँचा घुमारा एकदम भरून आला आणि हात काढताच तो पोकळ झाला, तर कुठेतरी फट आहे. खालच्या स्वरांचा दाब त्या फटीतून निसटतो. बहुतेक वेळा ही फट कानाच्या मागे-खाली, जबड्याचं हाड संपतं तिथे सापडते. हेडबँड एक खाच खाली-वर करून पुन्हा ऐका. तरीही फट राहत असेल तर तो हेडफोन कितीही नावाजलेला असो, तुमच्या डोक्यासाठी नाही.

मला चष्मा आहे. आईच्या कानात कुड्या असतात. चालेल का?

चष्म्याची काडी कुशन आणि कातडी यांच्यामधून जाते, म्हणजे फट ठरलेलीच. काडी बारीक आणि कुशन मऊ असेल तर ते काडीभोवती दबून बसतं. जाड ॲसिटेटच्या (प्लास्टिकसारख्या) काडीला ते जमत नाही. वरची तळहाताची परीक्षा चष्मा घालून आणि काढून, दोन्ही वेळा करा. घरी वापरायचा दुसरा चष्मा बारीक तारेच्या काडीचा केला तर पुष्कळ फरक पडतो.

कुड्या किंवा टॉप्स कपाच्या पोकळीत मावतात, त्यांचा सहसा त्रास होत नाही. फक्त मागची फिरकी मानेत रुतते का, हे आईंना विचारा. त्या आपणहून सांगणार नाहीत. झुमके, लोंबते डूल मात्र काढूनच ठेवावे लागतात. अंबाडा किंवा उंच बांधलेली पोनी असेल तर हेडबँड जिथे यायला हवा तिथे येत नाही, हेही घेण्याआधीच बघून ठेवा.

आवाज चांगला आहे की नाही हे कसं ओळखू? मला संगीतातलं काही कळत नाही.

कळायची गरज नाही. तुम्ही वर्षानुवर्षं ऐकत आलेली चार-पाच रेकॉर्डिंग निवडा, ज्यातला प्रत्येक श्वास तुम्हाला पाठ आहे. दुकानदार लावतो ते इंग्रजी डेमो गाणं हेडफोन खपवण्यासाठीच निवडलेलं असतं. आपल्याकडचं संगीत कसोटीला फार उत्तम आहे, फक्त कशात काय ऐकायचं ते माहीत हवं.

तानपुऱ्यापासून सुरू करा. काळी एकमध्ये (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात) गाणाऱ्या गायकाचा षड्ज साधारण १३८ हर्ट्झवर असतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या बरोबर निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. हेडफोनने ती तार खालून भरीव ऐकवली पाहिजे. त्याचबरोबर जवारीतून (तारा टेकतात त्या घोडीच्या घडणीतून) उठणारी वरच्या स्वरांची झिलई चकाकत राहिली पाहिजे. खर्ज आहे पण झिलई नाही, तर हेडफोन वरच्या पट्टीत मंद आहे. झिलई आहे पण ती सुईसारखी टोचते, तर ट्रेबल (वरचे स्वर) नको तितका वाढवलेला आहे. एकाच वाद्यात दोन्ही टोकं तपासून होतात.

नंतर गाणाऱ्या बाईचा आवाज, शक्यतो फार वाद्यं नसलेला. 'स', 'श', 'च' ही अक्षरं सुस्कारल्यासारखी कानावर येतात का ते बघा. तिचा आवाज तुमच्या समोर आहे असं वाटतं, की शेजारच्या खोलीतून येतोय असं? भजनात टाळ आणि झांज वाजत असताना शब्द कळतात का? बऱ्याच स्वस्त हेडफोनमध्ये टाळ वाजला की शब्द बुडतात.

आणि शेवटी नाशिक ढोल. मिरवणुकीचं एखादं चांगलं रेकॉर्डिंग मिळवा. ढोलाचा प्रत्येक ठोका सुरू होऊन संपला पाहिजे. एकाचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीत मिसळून नुसतं धूम-धूम होता कामा नये. त्याच वेळी ताशाची काडी न् काडी सुटी ऐकू आली पाहिजे. एवढं जमलं तर तो हेडफोन बहुतेक कशातही अडखळणार नाही.

एक पथ्य पाळा. दोन हेडफोन ताडून बघताना दोन्हींचा आवाज सारखा ठेवा. किंचित मोठा वाजणारा हेडफोन नेहमीच जास्त चांगला वाटतो, जाणकारालाही.

बेस जास्त म्हणजे हेडफोन भारी, असंच ना?

नाही. 'एक्स्ट्रा बेस' लिहिलेल्या बऱ्याच हेडफोनमध्ये खालचा भाग इतका फुगवलेला असतो की पुरुषी आवाज मडक्यात बोलल्यासारखा होतो. बातम्या किंवा पॉडकास्ट लावून बघा, लगेच कळेल. बेस आवडत असेल तर ॲपमधल्या इक्वलायझरने तो वाढवता येतो, त्यामुळे इक्वलायझर असलेलं ॲप ही खरोखर उपयोगी गोष्ट आहे. मात्र फट असलेल्या हेडफोनमध्ये बेस वाढवून ती फट भरत नाही.

ड्रायव्हर ४० मिमीचा चांगला की ५०चा?

ड्रायव्हर म्हणजे आतला स्पीकर. त्याच्या मापावरून आवाजाचा दर्जा ठरत नाही. हा आकडा सोडून द्या.

नॉइज कॅन्सलेशन नेमकं काय करतं? सगळा आवाज बंद होतो का?

होत नाही, आणि ज्याला कोणी 'होतो' म्हणून विकलं तो निराश होतो.

कपावर बाहेर आणि आत बारीक माइक असतात. ते बाहेरचा आवाज टिपतात, आतली चिप त्याची बरोबर उलटी लहर तयार करून स्पीकरमधून सोडते आणि दोन्ही एकमेकांना मारतात. कल्पना जुनी आहे: जर्मनीच्या पॉल लूएग यांना १९३६ मध्ये याचं अमेरिकन पेटंट मिळालं. अमर बोस यांनी १९७८ मध्ये झ्युरिकहून परतताना विमानातच यावरची गणितं मांडायला घेतली आणि १९८९ मध्ये त्यांच्या कंपनीने वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात आणला.

ही युक्ती खालच्या, सलग आवाजांवर चालते. १०० हर्ट्झच्या आवाजाची लहर सुमारे साडेतीन मीटर लांब असते, तिची उलटी लहर नेमकी जुळवणं सोपं. २,००० हर्ट्झची लहर जेमतेम १७ सेंटिमीटर. तिथे जरा चूक झाली की आवाज मरत नाही. म्हणून एसीची घरघर, बसचं इंजिन, रेल्वेच्या डब्याचा गडगडाट, पंखा हे जवळजवळ नाहीसे होतात. माणसांचं बोलणं, बाळाचं रडणं, कुकरची शिट्टी, हॉर्न हे कमी होतात पण ऐकू येतात. आणि ते कमी होतात तेही मुख्यतः जाड कुशनमुळे. पुन्हा तेच: फट असेल तर खालचे आवाज तिथूनच आत शिरतात आणि महागडी चिप हतबल होते.

पारखायचं असेल तर शांत खोलीत पारखू नका. सिटीलिंकच्या बसमध्ये मागच्या सीटवर बसा. सिंहस्थाची कामं चालू आहेत अशा रस्त्यालगत घर असेल तर खिडकी उघडी ठेवून बघा, जेसीबीची धडधड किती जाते ते कळेल. पंचवटी एक्सप्रेसने मुंबईला जाणाऱ्यांनी तर इगतपुरी ते कसारा हा टप्पा कसोटी म्हणून वापरावा. बोगद्यात गाडी शिरताच हवेचा दाब एकदम बदलतो आणि काही हेडफोनमध्ये कानात 'टप्' असा धक्का बसतो किंवा क्षणभर खरखर होते. चांगला हेडफोन हे सावरून घेतो. डबा सांध्यावरून हिसका खातो तेव्हाही असंच होतं का, हेही तिथेच समजतं.

बॉक्सवर 'ईएनसी' लिहिलंय. ते आणि एएनसी एकच ना?

अजिबात नाही, आणि या एका अक्षरामुळे पुष्कळ लोकांचे पैसे चुकीच्या वस्तूत गेले आहेत. एएनसी, म्हणजे वर सांगितलेलं नॉइज कॅन्सलेशन, तुमच्या कानासाठी आहे. बाहेरचा आवाज तुम्हाला कमी ऐकू येतो. ईएनसी तुमच्या माइकसाठी आहे. तुमच्या भोवतालचा गोंगाट फोनवरच्या पलीकडच्या माणसाला कमी ऐकू जातो. फक्त ईएनसी असलेला हेडफोन लावून बसमध्ये बसलात तर इंजिन पहिल्यासारखंच ऐकू येणार. दुकानदाराला थेट विचारा आणि बिलावर मॉडेलचं पूर्ण नाव लिहून घ्या.

'४० डेसिबलपर्यंत' अशा दाव्यांमध्ये 'पर्यंत' या शब्दाकडे लक्ष द्या. तो आकडा एखाद्या ठरावीक स्वरावरचा सगळ्यात चांगला निकाल असतो, सगळ्या आवाजांवरचा नव्हे.

एएनसी चालू केलं की कानात दडे बसल्यासारखं होतं.

काहींना होतं. दाब खरोखर वाढलेला नसतो, पण खालचे आवाज अचानक गेल्यामुळे तसं जाणवतं. तीव्रता कमी करायची सोय ॲपमध्ये असेल तर ती वापरून बघा. दोन-तीन दिवसांत सवय झाली नाही, डोकं जड होत राहिलं, तर परत करा. सहन करत बसू नका.

एलडॅक असलेलाच घ्यायचा का?

एलडॅक हा जास्त दर्जाचा म्हणून विकला जाणारा कोडेक. तुमचा फोन कोणता ते आधी पाहा. आयफोन एसबीसी आणि एएसी एवढेच कोडेक वापरतो, त्यामुळे आयफोनवाल्यांनी एलडॅकसाठी जादा पैसे मोजण्यात अर्थ नाही. अँड्रॉइडमध्ये एलडॅकचा आधार २०१७ च्या ८.० आवृत्तीपासून आहे. तो ३३०, ६६० किंवा ९९० किलोबिट वेगाने चालतो. ९९० ऐकायला छान वाटतं, पण ब्लूटूथ आणि बरेचसे वायफाय एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतात. दहा मजली इमारतीत, प्रत्येक घरात राउटर असताना, आवाज तुटू लागतो आणि फोन गुपचूप खालच्या वेगावर येतो. मुळात गाणं ज्या ॲपवर ऐकता तिथेच कमी दर्जावर लावलेलं असेल तर कोडेक त्यात भर घालू शकत नाही. आधी ॲपमधला दर्जा वाढवा.

माझं मत विचाराल तर चांगल्या हेडफोनवर साधा एएसीसुद्धा सुखाचा वाटतो आणि सुमार हेडफोन एलडॅकने सुधारत नाही.

गाणी मस्त वाजतात, पण लॅपटॉपवर मीटिंग सुरू झाली की आवाज रद्दड होतो. पीस खराब आहे का?

बहुतेक नाही. घरून काम करणारे हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात आणि बिचारे चांगले हेडफोन परत करून येतात.

ब्लूटूथमध्ये गाण्यांसाठी एक मार्ग आहे आणि फोनवर बोलण्यासाठी दुसरा. गाण्यांच्या मार्गाने आवाज फक्त एका दिशेने जातो. हेडफोनचा माइक चालू झाला की जोडणी बोलण्याच्या मार्गावर उडी मारते आणि तिथे आवाजाचं सॅम्पलिंग ८ किंवा १६ किलोहर्ट्झवर येतं. गाण्यांना ते ४४.१ असतं. त्यामुळे सगळंच जुन्या टेलिफोनसारखं ऐकू येतं.

उपाय सोपा आहे. मीटिंगच्या ॲपमध्ये सेटिंग उघडा, स्पीकर म्हणून हेडफोन ठेवा आणि माइक म्हणून लॅपटॉपचा स्वतःचा माइक निवडा. जोडणी गाण्यांच्या मार्गावर परत येते आणि समोरच्याचा आवाज स्वच्छ होतो. एलई ऑडिओ हे नवं तंत्र या अडचणीवर उत्तर म्हणून आलं आहे, पण त्यासाठी हेडफोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे ते असावं लागतं.

माइक कसा तपासू?

कोणाला फोन करून 'ऐकू येतंय का' विचारू नका. लोक 'हो, येतंय' म्हणून मोकळे होतात. फोनच्या रेकॉर्डरने हेडफोनच्या माइकवर स्वतःचं बोलणं टिपा. एकदा घरात, एकदा पंख्यासमोर, एकदा संध्याकाळी द्वारकेच्या चौकापाशी फुटपाथवर उभं राहून. मग ते दुसऱ्या दिवशी ऐका. वाऱ्याची फरफर, शब्दांच्या शेवटच्या अक्षरांची गळती, गोंगाट दाबता दाबता तुमचाच आवाज दाबला जाणं, हे सगळं सापडेल.

बॅटरीचा दावा खरा मानायचा का?

एएनसी चालू ठेवून किती तास, एवढाच आकडा बघा. सोनीच्या एक्सएम५ ला एएनसीसह ३० आणि त्याशिवाय ४० तास सांगितले जातात, सेनहायझर मोमेंटम ४ ला ६० तास. कंपन्या हे मध्यम आवाजावर मोजतात. नाशिक रोड ते मुंबई रोजचा प्रवास असला तरी ३० तासांत आठवडा जवळजवळ निघतो, त्यामुळे ६० तासांसाठी आवाजात तडजोड करावी असं मला वाटत नाही.

जास्त महत्त्वाचं हे की बॅटरी किती वर्षं टिकेल. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता मानवत नाही. एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत हेडफोन ठेवून जाऊ नका. महिनोन्‌महिने वापरणार नसाल तर अर्ध्याच्या आसपास चार्ज करून ठेवा. चार्जिंग चालू असताना ऐकता येतं का आणि बॅटरी संपल्यावर वायर लावून चालतो का, हे दोन प्रश्न मॉडेलनुसार वेगळे आहेत, घेण्याआधी विचारा.

व्हिडिओत ओठ आणि आवाज जुळत नाहीत.

ब्लूटूथवरून आवाज थोडा उशिरा पोहोचतो. व्हिडिओची बहुतेक ॲप हा उशीर सांभाळून घेतात, गेममध्ये तसं होत नाही. गेम मोडने थोडा फरक पडतो. मुलाला स्पर्धेतले गेम खेळायचे असतील तर वायरचा किंवा डाँगलवाला (यूएसबीला लावायच्या छोट्या रिसीव्हरचा) हेडसेट घ्या.

सातपूर-अंबडला कारखान्यात काम करतो. इअरमफऐवजी एएनसी हेडफोन चालतील का?

नको, कृपा करून नको. प्रेसचा ठोका, ग्राइंडरची किंचाळी, हवेच्या पिस्तुलाची शिटी हे अचानक येणारे किंवा वरच्या पट्टीतले आवाज आहेत आणि एएनसी नेमकं तिथेच कमी पडतं. घरघर गेल्यामुळे तुम्हाला वाटतं की कान सुरक्षित आहेत, पण नुकसान चालूच राहतं. शिवाय फोर्कलिफ्टचा भोंगा आणि सहकाऱ्याची हाक ऐकू आली नाही तर जिवावर बेतेल. कारखान्यात चाचणी होऊन संरक्षणाचा दर्जा लिहिलेलेच इअरमफ किंवा प्लग वापरा. हेडफोन घरी जाताना कंपनीच्या बसमध्ये लावा.

गाडी चालवताना? पळताना?

गाडी चालवताना कधीच नाही. रस्ता ओलांडतानाही काढून गळ्यात घ्या.

कृषीनगरच्या ट्रॅकवर चालायला हरकत नाही, पण एएनसी बंद करून बाहेरचं ऐकू येईल असा मोड लावा. पळण्यासाठी हा प्रकार गैरसोयीचाच आहे: घाम कुशनमध्ये मुरतो, रेक्झिनचे पापुद्रे निघू लागतात. बहुतेक ओव्हर-इअरना पाण्यापासून संरक्षणाचा आयपी दर्जाही नसतो. पावसाळ्यात बॅगेत प्लास्टिकची पिशवी ठेवा आणि वापरून झाल्यावर कुशन कोरड्या सुती फडक्याने पुसा.

किती मोठ्याने, किती वेळ ऐकलं तर चालतं? मुलांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसाने ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावं. आवाज ९० डेसिबल झाला की तीच मुदत आठवड्याला चार तासांवर येते. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल आणि ४० तास अशी धरली जाते. फोनमध्ये आवाजाची मर्यादा बांधून ठेवायची सोय असते. मुलाच्या फोनमध्ये ती आजच लावा, नुसतं 'कमी कर' सांगून होत नाही.

इथे एएनसीचा खरा फायदा आहे. बसमध्ये इंजिनावर मात करायला आपण आवाज वाढवत नेतो. इंजिनच गेलं की निम्म्या आवाजात काम भागतं. कानात घुंई ऐकू येऊ लागली, किंवा हेडफोन काढल्यावर लोकांचं बोलणं थोडा वेळ दबलेलं वाटलं, तर ती धोक्याची खूण आहे. असं पुन्हा पुन्हा होत असेल तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवा.

महागडा हेडफोन निम्म्या किमतीत मिळतोय. घेऊ का?

बनावट असण्याची शक्यता धरूनच चला. वायरलेस हेडफोनना भारतात बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) नोंदणी सक्तीची आहे; वस्तूवर किंवा बॉक्सवर 'आर-' ने सुरू होणारा क्रमांक असतो. तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कोणाच्या नावावर, कुठल्या वस्तूसाठी नोंदणी आहे ते दिसतं. बॉक्सवर एमआरपी, आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता, कोणत्या देशात बनलं आणि ग्राहक सेवेचा संपर्क छापलेला असलाच पाहिजे. यातलं काही स्टिकरखाली झाकलेलं असेल तर हात जोडा आणि निघा. सीरियल नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून बघा, पण नंबरही चोरून छापले जातात, त्यामुळे तेवढ्यावर विसंबू नका. कंपनीचं ॲप हेडफोन ओळखत नसेल तर तो बहुधा अस्सल नाही.

वापरलेला घेतला तर?

कुशन बदलता येतं का आणि ते बाजारात मिळतं का, हे आधी शोधा. जुनं कुशन घामाने कडक झालेलं असतं आणि मग पकड, बेस, एएनसी तिन्ही बिघडतात. नवं कुशन लावल्यावर मेलेला वाटणारा हेडफोन पुष्कळदा जिवंत होतो. बिजागरी उघड-मीट करून चीर आहे का बघा. एक्सएम५ दुमडत नाही, एक्सएम४ आणि एक्सएम६ दुमडतात. दुमडणाऱ्यांत बिजागरी तपासणं जास्त गरजेचं. बॅटरी किती चालते ते विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नका, पूर्ण चार्ज करून संध्याकाळभर वापरायला मागा.

वॉरंटीत असूनही दुकानदार आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवतात. काय करू?

माझ्या एका मैत्रिणीचं असंच झालं. डाव्या बाजूचा आवाज गेला, दुकानाने सर्व्हिस सेंटरला पाठवलं, सर्व्हिस सेंटरने 'पाणी गेलंय' सांगून हात वर केले. तिने तेव्हाच जॉबशीटवर (दुरुस्तीची नोंद असलेल्या कागदावर) कारण लेखी मागितलं आणि वस्तूचे फोटो तिथेच काढले, त्यामुळे पुढे बोलायला आधार राहिला.

तुम्हीही प्रत्येक वेळी जॉबशीट घ्या, तोंडी उत्तर चालवून घेऊ नका. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवा. मराठीत बोलता येतं. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. तक्रार ऑनलाइनही दाखल होते, वकील लावलाच पाहिजे असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूसाठी फी लागत नाही. बिल, जॉबशीट, फोटो आणि ईमेल तारखेप्रमाणे लावून ठेवा.